सातला सांगायचं

लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल महिन्यात कोणी शिंकल्याशिवाय उभं राहून दाखवावं. सुचित्रा घाडी राहायची. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात, बावीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढल्यावर फिनेल, स्पिरिट आणि चार-चार दिवस न धुतलेली माणसं यांनी तिचं नाक असं काही पक्कं केलं होतं की मिरचीची काय बिशाद. सकाळपाळी संपवून ती थेट इथे आली होती, वर्षाचा मसाला घ्यायला. दुकानदाराने ताज्या दळलेल्या मसाल्याची चिमूट तिच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "वास घ्या ताई, मग बोला." तिने हात नाकाशी नेला. वास फक्कड होता. आणि लाल भुकटीच्या कडेने, अंगठ्याखालच्या मांसल भागावर, निळ्या बॉलपेनने, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ७ ला सांग. खाली एक रेघ. सुचित्राने नीट दिसावं म्हणून मसाला फुंकून टाकला, तो नेमका दुकानदाराच्या डोळ्यांत गेला, तो "अहो अहो" करत मागच्या पोत्यावर बसला, आणि ही बाई आपली तळहाताकडे बघत उभी. सातला काय सांगायचं होतं?

हातावर लिहायची खोड वॉर्डातल्या सगळ्याच सिस्टरांना. कागद हरवतो, खिशातली वही कुठल्या तरी पेशंटच्या उशीखाली सापडते, हात मात्र कुठे विसरून येता येत नाही. कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाचं रक्त तपासायला पाठवायचं, कोणाच्या बायकोला गेटवर भेटायचं, सगळं तळहातावर. खाली एक रेघ म्हणजे महत्त्वाचं, दोन रेघा म्हणजे आत्ता, या मिनिटाला. ड्युटी संपली की स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसायचा आणि माणसात यायचं. आज बोळा फिरला नव्हता, कारण बहुतेक हे लिहिलं आणि लगेच त्यावर हातमोजा चढवला, आणि मोजा काढला तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि तिला फक्त मिरच्या दिसत होत्या. एकच रेघ होती. तेवढं तरी बरं. पण एक रेघ म्हणजे काही गंमत नव्हे. सुचित्राने डोळे मिटले आणि सकाळ पहिल्यापासून मागे नेली. साडेसातला चार्ज घेतला. चाळीस खाटा, अठ्ठावन्न पेशंट. उरलेले अठरा जमिनीवर गाद्या टाकून. सिस्टर तीन हव्यात, होत्या दोन. अकराच्या साखरेची सुई. एकोणीसने सलाइन उपटून टाकलं, "मला लग्नाला जायचंय" म्हणत. कोणाच्या लग्नाला ते त्यालाही सांगता येईना. दहाला डॉक्टरांचा राउंड. एकतीस नंबरला दम लागला, ऑक्सिजन. चोविसाव्या खाटेच्या नातेवाइकांनी आणलेली बिस्किटं. चोवीसला साखरेचा आजार, तर ती बिस्किटं तिने जप्त केली आणि तिची जोडीदारीण इन्स्पेक्टरच्या रुबाबात खाऊन मोकळी झाली. सगळं आठवत होतं. कोणाच्या पायाला किती सूज होती तेही. फक्त सात नंबरच्या जागी, साडेबारा ते एकच्या दरम्यान, एक पांढरा चौकोन होता आणि त्यात काहीच नव्हतं. असे चौकोन तिच्या ओळखीचे होते. ते रोजच पडायचे, पण रोज पाच मिनिटांत भरायचे.

तिने वॉर्डात फोन लावला. दुपारी तीननंतर वॉर्डातला पहिला फोन कोणाचा असतो हे तिथल्या भिंतींनाही माहीत आहे. तो घरी गेलेल्या सिस्टरचा असतो. बसमध्ये, नळाखाली, भाकरी थापताना अचानक आठवतं, बाई गं, सतराचं सलाइन बंद केलं का मी? म्हणून दुपारपाळीच्या सिस्टरांनी एक पद्धत पाडून घेतली आहे: कोण बोलतंय, काय बोलतंय, हे ऐकायच्या आधीच उत्तर द्यायचं. आजही तसंच झालं. "हो, बंद केलं मी. जेवा तुम्ही," संघमित्रा म्हणाली. संघमित्रा सव्वीस वर्षांची, वॉर्डातली सगळ्यात तरुण सिस्टर, जिभेवर लगाम नाही आणि हातात यश.

"अगं, सलाइन नाही. सातला काहीतरी सांगायचं राहिलंय माझं."

"सातला? सात रिकामा आहे, मॅडम. म्हणजे होता, दहा मिनिटं. आता त्यावर नवीन माणूस आहे. आधीच्या सातला तुम्हीच एक वाजता घरी सोडलंत. कुशाबा शेलार, वय एकाहत्तर, शिवडी. सहीसुद्धा तुमची."

"घरी गेला?" सुचित्रा म्हणाली, आणि त्याच क्षणी तो पांढरा चौकोन भरला, पण नको त्या गोष्टीने. राउंडमध्ये डॉक्टर म्हणाले होते, सातला आज घरी जाऊ दे, आणि त्याची रक्त पातळ करायची गोळी आजपासून अर्धी, एक नाही. संध्याकाळी सहाची गोळी. अर्धी. तिने ते कागदावर दुरुस्त केलं होतं का? सुनेला समजावलं होतं का? तिला सुनेचा चेहरा दिसत होता, पिवळी ओढणी दिसत होती, गोळ्यांच्या पाकिटावर स्वतःचं बोट फिरताना दिसत होतं; पण तोंडातून 'अर्धी' हा शब्द निघाला की नाही, तेवढं ऐकू येत नव्हतं. संघमित्राने कागदावरचा पत्ता आणि नंबर दिला. नंबर कुशाबाच्या मुलाचा होता आणि बंद होता. सुचित्राने तीनदा लावला. तिन्ही वेळा तीच बाई तेच बोलली. एका दिवसाच्या गोळीने कोणी दगावत नाही हे तिला कळत होतं. पण पुढची तपासणी पंधरा दिवसांनी. म्हातारा पंधरा दिवस रोज अख्खी गोळी घेणार, मग हिरड्यांतून रक्त, मग कुठेतरी साधा धक्का लागायचा आणि आत... बावीस वर्षांत सुचित्रा घाडीच्या हातून औषधाची चूक झाली नव्हती. लोक तिच्याकडे नव्या मुली शिकायला पाठवायचे ते यासाठीच. आणि आता ती मसाल्याच्या दुकानात नुसती तळहाताकडे बघत उभी होती. डोळे चोळत उठलेल्या दुकानदाराला वाटलं, बाईला भाव जास्त वाटतोय. "बरं, तुमच्यासाठी थोडं कमी करू," तो म्हणाला. तिने दोन किलो मसाला घेतला आणि पिशवी घेऊन टॅक्सीच्या मागे धावली.

पहिला टॅक्सीवाला शिवडी म्हणताच मान फिरवून निघून गेला. दुसरा नाइलाजाने थांबला. टॅक्सी काळाचौकीच्या सिग्नलला अडली, समोर कंटेनरवाल्या ट्रेलरची रांग, आणि पिशवीतल्या मसाल्याने काम सुरू केलं. टॅक्सीवाला शिंकला. पुन्हा शिंकला. "मॅडम, ये क्या बॉम लेके बैठा है," तो म्हणाला. सुचित्राने पिशवी पदराखाली घेतली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. हितेंद्र बँकेत नोकरीला, आज लवकर घरी आला होता. "मसाला मिळाला?" "मिळाला. पण मी शिवडीला चाललेय. सातला काहीतरी सांगायचं राहिलं." हितेंद्रने कोण सात, कसला सात असं विचारलं नाही, वीस वर्षांच्या संसारात तो असे शेकडो आकडे जेवला होता. "मग जाऊन ये," तो म्हणाला, "नाहीतर इथे येऊन भातात बोट फिरवत बसशील. मी कुकर लावतो. शिट्ट्या किती?" "तीन." "बघ, ते बरोबर आठवतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. सुचित्राला एवढ्या घाबरलेपणातही हसू आलं. भला माणूस. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याला एकशे दोन ताप आला होता, तर हिने त्याला उठवून पाठीखाली उशी दिली, ग्लास हातात दिला आणि विचारलं, "तुमच्याबरोबर कोणी नातेवाईक आहेत का?" हा किस्सा तो अजून दर लग्नात सांगतो.

टॅक्सी हलली, पुन्हा थांबली. गेल्याच बुधवारची गोष्ट तिला आठवली. हॉस्पिटलने सिस्टरांसाठी ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं होतं. ठेवलं कधी, तर सकाळपाळी संपल्यावर, उपाशीपोटी. लांब झुमके घातलेल्या एक मॅडम आल्या, गोड आवाजाच्या. म्हणाल्या, डोळे मिटा, समुद्रकिनाऱ्यावर चालत आहात अशी कल्पना करा, लाटा येताहेत, जाताहेत. दुसऱ्या लाटेला चौदा सिस्टर गाढ झोपल्या. एक घोरली. मॅडम हळूच म्हणाल्या, वा, किती लवकर ध्यान लागलं सगळ्यांना. सुचित्रा एकटी जागी होती. तिला किनारा दिसेना. तिला दिसत होतं की किनाऱ्यावर माणसं पडली आहेत, ओळीने, आणि तिला त्यांच्यातून वाट काढत जायचं आहे. शेवटी मॅडमनी एक कागद दिला: गेल्या महिन्यात तुम्हाला कामाचा ताण जाणवला का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी. संघमित्राने शेजारून वाकून विचारलं, "मॅडम, 'टॉयलेटला जायला वेळ मिळाला की सांगते' याला कुठला चौकोन?" सगळ्या हसल्या. सुचित्राने 'कधीकधी' वर खूण केली. खोटं नव्हतं ते. तिला ताण असा जाणवतच नव्हता. तो तिच्या अंगात दागिन्यासारखा बसला होता, काढला असता तर हात हलका वाटून तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं असतं. पण आज, या टॅक्सीत, मिरचीच्या वासात, तिला पहिल्यांदा नीट भीती वाटली. म्हाताऱ्याची वाटलीच, पण स्वतःचीही वाटली. आज सात विसरले, उद्या काय विसरेन? डोकं ही काही कपाटासारखी वस्तू नाही की भरलं तर दुसरं आणलं. शिकत असताना एकदा, विसाव्या वर्षी, तिने ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला चहा पाजला होता. तो बिचारा "सिस्टर, देव तुमचं भलं करो" म्हणत प्यायला. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं, एवढंच. पण तिच्या ट्यूटर बाई तिला ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता तू आयुष्यभर कोणाला चहा द्यायच्या आधी थांबशील, मला ओरडायची गरज नाही. आणि खरंच, आजही घरी पाहुणे आले की कप पुढे करताना तिचा हात अर्धा क्षण अडतो.

रेल्वेचा पूल ओलांडून टॅक्सी गोदामांच्या बाजूला वळली, तसा खारट चिखलाचा वास आला. सुचित्रा आता कुशाबाचाच विचार करत होती. सात नंबर. हृदयाचं दुखणं, पायाला सूज. माणूस साताऱ्याकडचा, पन्नास वर्षं धक्क्यावर माथाडी, पाठ अजून दारासारखी रुंद. खाटेवर मावत नसे. आणि आठ नंबरशी त्याचं आठ दिवस भांडण. दोन खाटांच्या मध्ये एक पंखा. कुशाबाला तो पाचवर हवा. आठ नंबर हा छापखान्यातून निवृत्त झालेला, काडीसारखा माणूस, एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायचा. त्याला पंखा एकवर हवा, जमल्यास बंद. बटण आठच्या उशाशी. कुशाबा उठून जायचा, पाचवर करायचा, परत येऊन पडेपर्यंत आठने हात लांबवून एकवर केलेला. दिवसातून पंधरा वेळा. मनाई केली तरी. "ए आठ, मुडद्या, हात लावू नको!" "ए सात, तुझ्या बापाचा पंखा आहे काय?" वॉर्डात दोघांमुळे करमणूक होती. संघमित्राने तर पैजही लावली होती की कुशाबाची पायाची सूज या फेऱ्यांनीच उतरते आहे. मग परवा दुपारी, जेवणं चालू असताना, कुशाबा वैतागून म्हणाला, "एवढी थंडी वाजतीया तर कायमचा गार पडशील तवा बघू." आणि अर्ध्या तासात आठचं हृदय थांबलं. सुचित्राच ड्युटीवर होती. पडदे ओढले, छातीवर दाब दिले, डॉक्टर धावले, आठ परत आला, पण नळी घालून, बेशुद्ध, आणि त्याला वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. पडदे उघडले तेव्हा कुशाबा खाटेवर बसलेला होता, हातात घास तसाच. तेव्हापासून तो फारसा बोलला नव्हता. पंख्याला हात लावला नव्हता. कोणीतरी पंखा पाचवर केला तर उठून त्याने तो बंद केला होता.

शिवडीत पत्ता सापडायला वेळ लागला नाही. कुशाबा म्हटल्यावर चार माणसं पुढे झाली. गोदामांच्या मागे बैठ्या चाळीतली शेवटची खोली. दारात पिवळी ओढणीवाली सून, लक्ष्मी, पालेभाजी निवडत बसली होती. ती सिस्टरला बघून उभीच राहिली, भाजी सगळी खाली. "काय झालं? रिपोर्ट वाईट आला का?" हॉस्पिटलची माणसं दारात आली की लोकांना असंच वाटतं, चांगलं सांगायला कोणी टॅक्सी करून येत नाही. "नाही गं, नाही," सुचित्रा धापा टाकत म्हणाली. "ती संध्याकाळची गोळी. ती एक नाही, अर्धी द्यायची. मी तुला सांगितलं होतं का?" लक्ष्मी आत गेली आणि बाहेर आली ती गोळ्यांचा डबा घेऊन. प्रत्येक पाकिटाला कागद चिकटवलेला, कागदावर चित्र: सकाळच्या गोळीला सूर्य, संध्याकाळच्या गोळीला अर्धी भाकरी. "तीनदा सांगितलंत तुम्ही," लक्ष्मी म्हणाली. "तिसऱ्यांदा मला रागच आला होता. मी म्हटलं, काय मला अक्कल नाही का? मग तुम्ही म्हणालात, तुला आहे, मलाच खात्री नाही, म्हणून सांगते."

सुचित्रा उंबऱ्यावरच बसली. अर्धी भाकरी! किती छान काढली होती पोरीने, पापुद्रासुद्धा दाखवला होता. तिला लक्ष्मीला मिठी मारावीशी वाटली. लक्ष्मीने पाणी आणलं. खोलीत भयंकर उकडत होतं. वर पंखा होता, स्वच्छ पुसलेला, आणि बंद. "लाइट गेलीय?" सुचित्राने विचारलं. लक्ष्मीने आवाज खाली आणला. "लाइट आहे. आल्यापासून लावू देत नाहीत. दोनदा लावला तर उठून बंद केला. मी म्हटलं, मामा, तुम्हाला डॉक्टरांनी घाम येऊ द्यायचा नाही सांगितलंय. तर गप. जेवले पण नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत."

कुशाबा आतल्या खाटेवर होता. सिस्टर आली हे त्याने ऐकलं होतं. तो वळला नाही, पण बोलला. "सिस्टर, त्या आठचं काय कळलं काय? म्या तुमाला सकाळी म्हणलं हुतं, कळलं तर मला सांगा म्हणून." आवाज असा, की उत्तर काय आहे ते त्याने आधीच ठरवून टाकलं आहे.

आणि सुचित्राला सगळं दिसलं. साडेबारा वाजता वॉर्डातला फोन वाजला होता. वरच्या मजल्यावरची मृणालिनी सिस्टर; दोघी एकाच वर्षी शिकल्या, एकाच खोलीत राहिल्या. मृणालिनी म्हणाली होती, "तुमचा आठ शुद्धीवर आला बरं का. नळी काढली. आणि पहिलं वाक्य काय बोलला माहितेय?" सुचित्रा ते ऐकून फोनवर मोठ्याने हसली होती, रिसीव्हर खांद्यात धरून तिने तळहातावर लिहिलं होतं, खाली रेघ मारली होती, आणि तेवढ्यात एकतीसला दम लागला म्हणून ओरड झाली, तिने हातमोजा चढवला आणि ती धावली. मग अर्धी गोळी, तीनदा. मग चार्ज. सगळी धोक्याची कामं तिने चोख केली होती. जी एक गोष्ट सांगितल्याने कोणाचा जीव हलका होणार होता तेवढीच गळून पडली होती. गेला पाऊण तास ती जीव मुठीत धरून कुठल्या चुकीमागे धावत होती, आणि हातावर लिहिलेली होती ती आनंदाची बातमी! आनंदाची असेल असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. किती वर्षं झाली असतील हे असं होऊन? तिला स्वतःची चीड आली, आणि त्याच वेळी आतून असं काही उसळून आलं की तिला ते आवरेना. ती उठून खाटेपाशी गेली.

"कुशाबा, आठ जगलाय," ती म्हणाली. "आज साडेबाराला शुद्धीवर आला. नळी काढली. बोलला."

कुशाबा वळला. "खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हणून."

"मी कशाला खोटं बोलू? काय बोलला ते ऐका. घसा बसलाय त्याचा, तरी पहिलं काय विचारलं, तर म्हणे, 'मी इथे आलो, तर त्या सातने पंखा फुल्ल केला असेल ना?'"

दारात लक्ष्मी फिसकन हसली. कुशाबा हसला नाही. त्याने एकदा सुचित्राकडे बघितलं, एकदा वरच्या पंख्याकडे, आणि मग ती दारासारखी पाठ गदगदा हलायला लागली. लक्ष्मी घाबरली, "मामा, काय होतंय?" सुचित्राचा हात आपसूक त्याच्या मनगटावर गेला, बोटं नाडीवर, डोळे घड्याळावर. कुशाबाने हात झटकला. "नाडी काय बघताय? रडतुया म्या. रडू द्या की."

"रडा," सुचित्रा म्हणाली, आणि तिथेच खाटेवर टेकली. तिचेही डोळे वाहायला लागले होते. मसाल्याने म्हणावं, तर बावीस वर्षांत असल्या कशाने तिच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. तिने ते पुसलं नाही. म्हाताऱ्याचा हात तिने पुन्हा धरला, या वेळी नुसताच. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मोबाइल काढून मृणालिनीला फोन लावला. मृणालिनी सकाळपासून वर होती. दुपारची सिस्टर आली नाही म्हणून डबल ड्युटी करत होती. "वेडी आहेस का तू? अतिदक्षता आहे ही," मृणालिनी म्हणाली. मग, "दोन मिनिटं हं. डॉक्टर आले तर मी तुला ओळखत नाही. धर, त्याच्या कानाला लावते."

सुचित्राने स्पीकर लावून फोन कुशाबापुढे धरला. कुशाबाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि धक्क्यावरून बोटीला हाक मारावी तसा ओरडला, "ए आठ!"

पलीकडे नुसता श्वास. मग खरखरीत, लांबून आल्यासारखं, "सात?"

"व्हय. सातच."

आठ दिवस एकमेकांना अखंड शिव्या घातलेली दोन माणसं, आता दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. कुशाबाने ओठ हलवले, सुचित्राकडे बघितलं, मदतीला बघतात तसं. शेवटी त्याने घसा खाकरला.

"आरं, नाव काय तुझं?"

"बुद्ध," आवाज आला. श्वास घेतला. "भूषण."

"म्या कुशाबा."

सुचित्राने ते नाव दहा दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने फाइलवर लिहिलं होतं, आडनावासकट, वयासकट. छातीवर दाब देताना मात्र ती त्याला "आठ, आठ, ऐकतोस का" असंच म्हणाली होती. आता एका परक्या घरात, उकाड्यात, फोनमधून ते नाव ऐकताना तिला वाटलं, हा माणूस आत्ता दाखल झाला. बुद्धभूषण. तिने ते मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं. बरं वाटलं.

"कुशाबा," फोनमधून आलं, आणि मग बराच वेळ शब्द जमवल्यावर, "पंखा... एकवर ठेव."

कुशाबाने डोळे पुसले. पाठ सरळ केली. "एकवर? डोकं फिरलंय काय? लक्ष्मे, पंखा लाव, पाचवर लाव, ऐकू दे त्याला आवाज!" लक्ष्मीने धावत जाऊन बटण दाबलं. पंखा खडखडत फिरायला लागला. निवडलेली भाजी खोलीभर उडाली. फोनमधून खोकला आला, मग एक शिवी, अर्धीच, कारण तेवढाच दम होता. पण शिवी होती, चांगली तब्येतीची. "बघितलं का, बघितलं का सिस्टर, सुदरायचा न्हाय ह्यो!" कुशाबा ओरडला, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं. "आयक, बुद्धभूषण. घरी ये तू. तीनवर लावतो. त्याच्या खाली येणार न्हाय, आत्ताच सांगतो!"

"दोन," फोन म्हणाला.

"तीन!"

"दोन मिनिटं संपली," मागून मृणालिनीचा आवाज आला, "ए सुचित्रा, ऐकतेस ना?"

सुचित्रा ऐकत होती. तिने फोन घेतला नाही. दोघांचं जोरात जुंपलं होतं.